अमेरिकेतील वापरलेल्या मोटारींची खरेदी-विक्री

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये एका मालकाने वापरलेली मोटार दुसऱ्याने विकत घेण्याचा व्यवहार हा तेथील ग्राहक-बाजारपेठेचा एक मोठा भाग आहे. देशात दरवर्षी नव्या मोटारींच्या दुपटीहून अधिक वापरलेल्या मोटारी हात बदलतात. न्यूयॉर्कसारखी मोजकी शहरे वगळता सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असल्याने शिक्षण किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या परदेशी व्यक्तीलाही लवकरच मोटारीची गरज भासते. नवी मोटार परवडत नसल्यास किंवा वास्तव्य ठरावीक मुदतीचे असल्यास वापरलेली मोटार घेतली जाते. अनेकांच्या बाबतीत नव्या देशातील ही पहिलीच मोठी खरेदी असते.

या व्यवहारात विक्रेत्याला मोटारीचा पूर्वेतिहास ठाऊक असतो, तर ग्राहकाला तो ठाऊक नसतो. मालकीपत्र, वाहन ओळख क्रमांक, ओडोमीटरचे लेखी निवेदन, ग्राहक मार्गदर्शिका आणि वाहन-इतिहास अहवाल ही सारी व्यवस्था हे अंतर कमी करण्यासाठी टप्प्याटप्प्याने उभी राहिली. मात्र ही साधने प्रामुख्याने माहिती पुरवतात. वापरलेल्या मोटारीच्या गुणवत्तेची सर्वसाधारण हमी कायदा देत नाही आणि झालेला सौदा रद्द करण्याचा सरसकट अधिकारही ग्राहकाला नसतो. त्यामुळे सही करण्यापूर्वी केलेली तपासणी हेच ग्राहकाचे मुख्य संरक्षण ठरते.

माहितीची विषमता

वापरलेल्या मोटारींचा बाजार हे अर्थशास्त्रातील एका प्रसिद्ध सिद्धांताचे मूळ उदाहरण आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात ‘द मार्केट फॉर लेमन्स’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकी बोलीभाषेत सदोष निघालेल्या मोटारीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू, असे म्हणतात. त्यावरून निबंधाला हे नाव मिळाले. प्रसिद्धीपूर्वी तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता. याच विषयावरील कार्यासाठी ॲकरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निबंधातील युक्तिवाद सोप्या उदाहरणाने मांडता येतो. समजा, बाजारात चांगल्या मोटारीचे खरे मूल्य ८,००० डॉलर व सदोष मोटारीचे ४,००० डॉलर आहे आणि दोन्ही प्रकारच्या मोटारी सारख्याच संख्येने आहेत. वरून पाहून दोन्हींतील फरक कळत नसल्याने ग्राहक सरासरी धरून ६,००० डॉलरच देऊ करतो. चांगल्या मोटारीच्या मालकाला ही किंमत परवडत नाही, म्हणून तो बाजारातून माघार घेतो. सदोष मोटारीचा मालक मात्र आनंदाने विकतो. बाजारात सदोष मोटारींचे प्रमाण वाढते, ग्राहक आणखी कमी किंमत देऊ लागतो आणि चांगला माल बाजाराबाहेर ढकलला जातो. हमीपत्रे, नाममुद्रा आणि परवाने यांसारख्या व्यवस्था या घसरणीला आळा घालतात, असे ॲकरलॉफ यांनी याच निबंधात नमूद केले. या निबंधात त्यांनी भारतातील ग्रामीण सावकारीचेही उदाहरण दिले आहे. कर्जदाराला जवळून ओळखणारा गावचा सावकार कर्ज देऊ शकतो, पण बाहेरून आलेल्याकडे ती माहिती नसल्याने त्याच्या वाट्याला बुडीत कर्जदार येण्याचा धोका असतो.

इतिहास

लॉस एंजेलिस येथील मोटारविक्रेते लेस केली यांनी १९२६ साली वापरलेल्या मोटारींच्या किमतींची ‘केली ब्लू बुक’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. आजही मोटारीची अंदाजे किंमत ठरवताना या नावाच्या संकेतस्थळाचा आधार घेतला जातो. १९४५ साली पेनसिल्व्हेनियातील मॅनहाइम या गावी वितरकांसाठी मोटारींचा लिलाव सुरू झाला. अशा घाऊक लिलावांमधून वितरक आपल्याकडील मोटारी मिळवतात. हे लिलाव सामान्यतः सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले नसतात.

ओडोमीटरमधील फेरफार रोखण्यासाठी १९७२ साली संघराज्याचा कायदा झाला आणि १९८६ साली तो अधिक कडक करण्यात आला. १९८१ च्या मॉडेल वर्षापासून १७ अक्षरांकांचा वाहन ओळख क्रमांक सर्वत्र एकसारखा झाला. कनेक्टिकट राज्याने १९८२ साली सदोष मोटारींसंबंधीचा पहिला ‘लेमन कायदा’ केला. पुढे सर्व राज्यांनी तसे कायदे केले. १९८४ साली ‘कारफॅक्स’ या वाहन-इतिहास पुरवणाऱ्या कंपनीची स्थापना झाली. १९९३ साली व्हर्जिनियातील रिचमंड येथे ‘कारमॅक्स’चे पहिले दालन उघडले. घासाघीस न करता ठरलेल्या किमतीत विक्री, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

कोविड-१९ महामारीच्या काळात संगणकीय चिपांच्या तुटवड्यामुळे नव्या मोटारींचे उत्पादन घटले आणि मागणी वापरलेल्या मोटारींकडे वळली. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जानेवारी २०२२ पर्यंतच्या १२ महिन्यांत वापरलेल्या मोटारींच्या किमती सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या.

विक्रेत्यांचे प्रकार

अधिकृत वितरक: हे एखाद्या कंपनीच्या नव्या मोटारी विकतात आणि बदल्यात आलेल्या जुन्या मोटारीही विकतात. यांपैकी निवडक मोटारी तपासून, दुरुस्त करून कंपनीच्या मर्यादित हमीसह ‘प्रमाणित’ म्हणून विकल्या जातात. त्यांची किंमत तुलनेने अधिक असते. वितरकाने स्वतःच दिलेले प्रमाणन आणि उत्पादक कंपनीचे प्रमाणन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वतंत्र वितरक: हे केवळ वापरलेल्या मोटारी विकतात. यांतील काही वितरक स्वतःच कर्ज देतात व हप्तेही स्वतःच वसूल करतात. पतइतिहास नसलेल्या ग्राहकांना ते सहज कर्ज देतात, परंतु व्याजदर चढा असतो.

खासगी विक्रेते: मोटारीचा मालक स्वतः विक्री करतो. वितरकाचा नफा नसल्याने किंमत कमी असते, मात्र वितरकांना लागू असलेले अनेक ग्राहकसंरक्षक नियम येथे लागू होत नाहीत. विद्यापीठांच्या गावांत शिक्षण संपवून निघालेले विद्यार्थी नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना मोटारी विकतात. महाराष्ट्रासह भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांमध्येही ही पद्धत रूढ आहे. मे महिन्यात सत्र संपताना विकणारे अधिक असतात, तर ऑगस्टमध्ये नवे सत्र सुरू होताना घेणारे अधिक असतात.

बिनपरवाना विक्रेते: वितरकाचा परवाना न घेता, खासगी मालक असल्याचे भासवून एकामागून एक मोटारी विकणाऱ्यास ‘कर्बस्टोनर’ म्हणतात. मालकीपत्रावर विक्रेत्याचे नाव नसणे आणि एकाच दूरध्वनी क्रमांकावरून अनेक मोटारींच्या जाहिराती असणे, ही त्याची ठळक लक्षणे आहेत.

कागदपत्रे व नोंदी

मालकीपत्र

मोटारीची मालकी सिद्ध करणाऱ्या दस्तऐवजाला ‘टायटल’ म्हणतात. ते राज्य सरकारचा मोटार वाहन विभाग देतो. नोंदणी हा त्याहून वेगळा दस्तऐवज असून तो मोटार रस्त्यावर चालवण्याच्या परवानगीचा पुरावा असतो. केवळ नोंदणीपत्र दाखवणारा विक्रेता मोटारीचा मालक असेलच असे नाही. मोटारीवर कर्ज थकीत असल्यास मालकीपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा हक्क नोंदलेला असतो. हा बोजा उतरल्याशिवाय ग्राहकाला निर्वेध मालकी मिळत नाही. अशा वेळी संबंधित बँकेच्या शाखेत जाऊन, कर्जाची रक्कम थेट बँकेला चुकती करून व्यवहार पूर्ण केला जातो.

विमा कंपनीने अपघातानंतर पूर्ण नुकसान ठरवलेल्या मोटारीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का पडतो. ती दुरुस्त होऊन पुन्हा तपासणीत उत्तीर्ण झाल्यास शिक्का ‘रीबिल्ट’ असा बदलतो. अशा मोटारींची किंमत निर्वेध मालकीपत्राच्या मोटारीपेक्षा बरीच कमी असते. काही विमा कंपन्या त्यांना पूर्ण संरक्षण देत नाहीत. या शिक्क्यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

वाहन ओळख क्रमांक

प्रत्येक मोटारीला १७ अक्षरांकांचा क्रमांक असतो. अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. पहिला अक्षरांक उत्पादनाचा देश किंवा प्रदेश सुचवतो. उदाहरणार्थ १, ४ व ५ हे अंक अमेरिकेसाठी, २ कॅनडासाठी, ३ मेक्सिकोसाठी आणि जे हे अक्षर जपानसाठी आहे. नववा अक्षरांक पडताळणीसाठी असतो आणि दहावा मॉडेल वर्ष दर्शवतो. पुढच्या काचेखाली, चालकाच्या दाराच्या चौकटीवर आणि मालकीपत्रावर हा क्रमांक तंतोतंत सारखा असणे आवश्यक असते.

वाहन-इतिहास अहवाल

या क्रमांकाच्या आधारे कारफॅक्स, ऑटोचेक यांसारख्या कंपन्या सशुल्क अहवाल देतात. पूर्वीचे मालक, नोंदवलेले अपघात, ओडोमीटरच्या नोंदी व देखभाल यांची माहिती त्यात असते. १९९२ च्या कायद्याने ‘राष्ट्रीय मोटार वाहन मालकी माहिती प्रणाली’ची तरतूद केली. राज्यांचे मोटार वाहन विभाग, विमा कंपन्या आणि भंगार वाहनांचे व्यावसायिक तीत माहिती भरतात. या अहवालांची मर्यादा अशी, की पोलीस किंवा विमा कंपनीपर्यंत न पोहोचलेला अपघात त्यांत दिसत नाही. अहवाल निष्कलंक असणे म्हणजे मोटार निर्दोष असणे नव्हे.

ओडोमीटरचे निवेदन

विक्रेत्याने मोटार किती मैल धावली याचे सहीनिशी निवेदन देणे संघराज्याच्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. पूर्वी १० वर्षांहून जुन्या मोटारींना यातून सूट होती. १ जानेवारी २०२१ पासून, २०११ व त्यानंतरच्या मॉडेल वर्षांच्या मोटारींसाठी ही मुदत २० वर्षांची करण्यात आली. अमेरिकेत अंतर मैलांत मोजले जाते. १ मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, म्हणजेच १,००,००० मैल धावलेली मोटार सुमारे १,६१,००० किलोमीटर धावलेली असते.

कायदेशीर तरतुदी

संघराज्य व्यापार आयोगाचा वापरलेल्या मोटारींविषयीचा नियम १९८५ पासून अमलात आहे. १२ महिन्यांत पाचांहून अधिक वापरलेल्या मोटारी विकणाऱ्या वितरकाने प्रत्येक मोटारीवर ‘ग्राहक मार्गदर्शिका’ नावाचा छापील तक्ता लावणे या नियमाने बंधनकारक केले आहे. मोटार हमीसह विकली जात आहे की ‘ॲज इज’, म्हणजे आहे त्या स्थितीत, हे तक्त्यावर स्पष्ट लिहावे लागते. हमी असल्यास दुरुस्तीच्या खर्चाचा किती टक्के भाग वितरक सोसेल, हेही नमूद करावे लागते. तोंडी आश्वासने लेखी घ्यावीत आणि स्वतंत्र कारागिराकडून तपासणी करता येईल का हे विचारावे, अशी सूचना तक्त्यावरच छापलेली असते. हा तक्ता विक्रीकराराचा भाग मानला जातो. मेन व विस्कॉन्सिन या राज्यांचे स्वतःचे तत्सम नियम असल्याने तेथे हा तक्ता लागू नाही.

‘ॲज इज’ विक्रीत मोटार ताब्यात घेतल्यानंतर उद्भवणाऱ्या दुरुस्तीचा सर्व खर्च ग्राहकावर पडतो. काही राज्यांनी वितरकांना अशा विक्रीस मनाई केली आहे किंवा तिच्यावर निर्बंध घातले आहेत. वितरकाने स्वतः लेखी हमी दिली असल्यास, १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस हमी कायद्यानुसार त्याला कायद्याने गृहीत धरलेली हमी पूर्णपणे नाकारता येत नाही. राज्यांचे लेमन कायदे मुख्यतः नव्या मोटारींसाठी आहेत. मॅसॅच्युसेट्स व न्यूयॉर्क यांसारख्या थोड्या राज्यांनी वितरकाकडून घेतलेल्या वापरलेल्या मोटारींनाही असे संरक्षण दिले आहे.

कोणतीही खरेदी तीन दिवसांत परत करता येते, असा एक व्यापक गैरसमज आढळतो. संघराज्याचा तीन दिवसांचा नियम दारोदार विक्रीसारख्या व्यवहारांसाठी आहे. वितरकाच्या दालनात झालेल्या मोटारखरेदीला तो लागू होत नाही. राज्याच्या कायद्याने किंवा वितरकाने करारात तशी सवलत दिली असेल तरच मोटार परत करता येते.

उत्पादनातील सुरक्षाविषयक दोषामुळे कंपनीने परत बोलावलेल्या मोटारींबाबतही कायद्यात एक पोकळी आहे. असा दोष दूर न केलेली नवी मोटार विकण्यास वितरकाला मनाई आहे आणि मोठ्या भाडेकंपन्यांनाही अशी मोटार भाड्याने देता येत नाही. वापरलेल्या मोटारींच्या विक्रीला मात्र संघराज्य पातळीवर अशी मनाई नाही. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे कोट्यवधी मोटारी परत बोलावल्या गेल्या, त्यांपैकी अनेक दुरुस्तीविना पुन्हा विकल्या जाण्याचा धोका त्यामुळे निर्माण झाला. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर वाहन ओळख क्रमांक भरून ही माहिती विनामूल्य पाहता येते. अशी दुरुस्ती अधिकृत वितरक सहसा विनामूल्य करून देतो.

फसवणुकीचे प्रकार

ओडोमीटर मागे फिरवणे: राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार दरवर्षी ४,५०,००० हून अधिक मोटारी खोट्या ओडोमीटर नोंदीसह विकल्या जातात. डिजिटल ओडोमीटर आल्यानंतरही हा प्रकार थांबलेला नाही. ब्रेकच्या पॅडलचे रबर, चालकाची गादी व स्टिअरिंग यांची झीज नोंदवलेल्या अंतराशी विसंगत असणे, हे त्याचे लक्षण मानले जाते.

मालकीपत्र धुणे: एका राज्यात ‘सॅल्व्हेज’ शिक्का पडलेली मोटार दुसऱ्या राज्यात नोंदवून शिक्का नाहीसा करण्याच्या क्लृप्तीला हे नाव आहे. राज्यांच्या नियमांतील तफावतीचा त्यात गैरफायदा घेतला जातो.

पुरात बुडालेल्या मोटारी: २००५ मधील कॅटरिना, २०१२ मधील सँडी व २०१७ मधील हार्वे या चक्रीवादळांनंतर मोठ्या संख्येने मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा मोटारी स्वच्छ करून दूरच्या राज्यांत विकल्या जाण्याबाबत प्रत्येक वेळी सरकारी यंत्रणांनी ग्राहकांना सावध केले. कुबट वास, गालिच्याखालील गाळ, दिव्यांच्या आत साचलेली आर्द्रता आणि गादीखालच्या पट्ट्यांवरील गंज यांवरून त्या ओळखता येतात. विद्युत यंत्रणेतील बिघाड काही महिन्यांनीही उद्भवू शकतो.

मालकीपत्र वगळणे: मध्यस्थ विक्रेता मोटार स्वतःच्या नावावर न करता आधीच्या मालकाच्या सहीचे कोरे मालकीपत्र पुढच्या ग्राहकाला देतो. हे बेकायदेशीर असून अशा मोटारीची नोंदणी अडकून पडू शकते.

अस्तित्वात नसलेली मोटार: बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत, विक्रेता परगावी असल्याचे कारण आणि मोटार पाहण्यापूर्वी रक्कम पाठवण्याचा आग्रह, हा या फसवणुकीचा नेहमीचा साचा आहे. बनावट बँक-धनादेशाद्वारे विक्रेत्याचीही फसवणूक होते. त्यामुळे मोठ्या रकमेचा खासगी व्यवहार बँकेच्या शाखेत करण्याची प्रथा आहे.

तपासणी

खरेदीपूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कारागिराकडून मोटारीची तपासणी करून घेण्याची पद्धत रूढ आहे. तिला साधारणपणे १०० ते ३०० डॉलर खर्च येतो. मोटार उचलून तिचा तळभाग, तेलगळती, ब्रेक, सस्पेन्शन आणि अपघातानंतरच्या दुरुस्तीच्या खुणा पाहिल्या जातात. तपासणीस नकार देणारा विक्रेता संशयास्पद मानला जातो.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींमध्ये ‘ओबीडी-२’ ही निदान-यंत्रणा बंधनकारक आहे. डॅशबोर्डखालील जोडणीला साधे उपकरण जोडून इंजिनातील बिघाडांचे संकेतांक वाचता येतात. विक्रीपूर्वी हे संकेतांक पुसून टाकले असल्यास धोक्याचा दिवा विझतो, परंतु यंत्रणेच्या अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि त्यावरून ही चलाखी उघड होते.

उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते. त्यामुळे तेथील मोटारींचा तळभाग, ब्रेकच्या नळ्या व सायलेन्सर लवकर गंजतात. टायरच्या बाजूवरील संकेतांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

परदेशी ग्राहकांपुढील अडचणी

अमेरिकेत मोटार विकत घेण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. मात्र व्यवहाराशी निगडित कर्ज, विमा व चालक परवाना या तिन्ही व्यवस्था व्यक्तीच्या अमेरिकेतील पूर्वेतिहासावर आधारलेल्या आहेत. नवागताजवळ असा पूर्वेतिहास नसतो. मोटारीविषयी ग्राहक जसा अनभिज्ञ असतो, तशाच बँका व विमा कंपन्या त्याच्याविषयी अनभिज्ञ असतात आणि ही अनिश्चितता चढ्या व्याजाच्या व हप्त्याच्या रूपाने त्याच्याकडून वसूल होते.

कर्ज

कर्ज देताना पतगुण पाहिले जातात. प्रचलित ‘फायको’ पतगुणांची श्रेणी ३०० ते ८५० अशी आहे. भारतातील पतइतिहास सहसा विचारात घेतला जात नाही. सामाजिक सुरक्षा क्रमांक प्रामुख्याने काम करण्याची परवानगी असलेल्यांना मिळतो. त्यामुळे नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याकडे तो बहुधा नसतो आणि अनेकदा संपूर्ण रक्कम रोख भरून जुनी, स्वस्त मोटार घेतली जाते. टोयोटा कोरोला, होंडा सिव्हिक यांसारख्या टिकाऊ मानल्या जाणाऱ्या मोटारींना त्यामुळे मागणी असते आणि जुन्या झाल्यावरही त्यांची किंमत तुलनेने टिकून राहते.

१९७४ चा समान पतसंधी कायदा व त्यातील १९७६ ची दुरुस्ती यांनुसार वंश किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून कर्ज नाकारता येत नाही. व्हिसाची मुदत मात्र विचारात घेता येते. १९६८ च्या कर्जविषयक सत्यता कायद्यानुसार वार्षिक व्याजदर, एकूण व्याज व एकूण परतफेड लेखी कळवणे बंधनकारक आहे. वितरकामार्फत घेतलेल्या कर्जात बँकेच्या दरावर वितरक स्वतःचा हिस्सा चढवू शकतो. म्हणून बँक किंवा सहकारी पतसंस्थेकडून आधीच मंजुरी घेऊन दरांची तुलना केली जाते. केवळ मासिक हप्त्यावर वाटाघाटी झाल्यास मुदत लांबवून एकूण किंमत वाढवली जाण्याची शक्यता असते. कर्जाला अंतिम मंजुरी मिळण्यापूर्वीच मोटार ताब्यात देणे आणि काही दिवसांनी ग्राहकाला परत बोलावून चढ्या दराच्या करारावर सही मागणे, हाही एक परिचित प्रकार आहे.

विमा

न्यू हॅम्पशायर वगळता जवळजवळ सर्वत्र तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा बंधनकारक आहे. किमान संरक्षणाची रक्कम राज्य ठरवते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व इजांसाठी ६०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर अशी किमान मर्यादा आहे. गंभीर अपघातातील वैद्यकीय खर्च याहून कितीतरी अधिक असू शकतो आणि उरलेल्या रकमेची जबाबदारी चालकावर येते. भारतातील वाहनचालनाचा अनुभव अनेक कंपन्या धरत नाहीत, त्यामुळे अनुभवी चालकालाही नवशिक्याइतका हप्ता भरावा लागू शकतो. बहुतेक राज्यांत पतइतिहासाचाही हप्त्यावर परिणाम होतो. कॅलिफोर्निया, हवाई व मॅसॅच्युसेट्स येथे त्यास मनाई आहे. काही प्रसंगी विम्याचा वार्षिक हप्ता जुन्या मोटारीच्या किमतीच्या जवळपास जातो. म्हणून मोटार निश्चित करण्यापूर्वीच विम्याचे दर विचारले जातात.

चालक परवाना

भारतातील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना एक वर्षासाठी वैध असतो आणि तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. राज्याचा रहिवासी झाल्यावर स्थानिक परवाना घ्यावा लागतो. त्याची मुदत राज्यागणिक वेगळी असून कॅलिफोर्नियात ती १० दिवसांची आहे.

हस्तांतरण

खासगी व्यवहारात विक्रेता मालकीपत्राच्या ठरलेल्या रकान्यात सही करून ते ग्राहकाला देतो. ओहायो व नॉर्थ कॅरोलिना यांसारख्या राज्यांत ही सही नोटरीसमोर करावी लागते. सोबत किंमत, तारीख व वाहन ओळख क्रमांक नमूद केलेली विक्रीपावती केली जाते. ग्राहक ही कागदपत्रे मोटार वाहन विभागात सादर करून विक्रीकर व नोंदणीशुल्क भरतो. ओरेगन, माँटाना व न्यू हॅम्पशायर या राज्यांत विक्रीकर नाही. वितरकाकडून खरेदी केल्यास हे काम वितरक करतो व त्यासाठी दस्तऐवज शुल्क आकारतो.

कॅलिफोर्नियात विक्रेत्याने ५ दिवसांत विक्रीची सूचना विभागाला द्यावी लागते आणि ग्राहकाने १० दिवसांत मालकी हस्तांतरित करून घ्यावी लागते. बहुतांश मोटारींसाठी विक्रेत्याने ९० दिवसांच्या आतील प्रदूषण तपासणी प्रमाणपत्रही द्यावे लागते. विक्रीची सूचना न दिल्यास नव्या मालकाने केलेले पार्किंगचे दंड किंवा पथकर जुन्या मालकाच्या नावे येऊ शकतात. कॅलिफोर्नियात क्रमांकपट्टी सहसा मोटारीसोबत राहते, तर न्यूयॉर्कमध्ये ती विक्रेता काढून घेतो.

भारतातील पद्धतीशी तुलना

भारतात नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे प्रचलित भाषेत ‘आरसी बुक’, हाच मालकीचा मुख्य दस्तऐवज असतो आणि हस्तांतरणासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २९ व नमुना ३० सादर केले जातात. अमेरिकेत मालकी व नोंदणी यांचे दस्तऐवज वेगळे असल्याने भारतीय ग्राहकाचा येथे गोंधळ होण्याची शक्यता असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालकी बदलल्यावर विमा नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते व नवा मालक विमा कंपनीला तसे कळवतो. अमेरिकेत विमा हा व्यक्तीशी केलेला करार असल्याने तो मोटारीबरोबर जात नाही. ग्राहकाने स्वतःचा विमा घेऊनच मोटार रस्त्यावर आणणे अपेक्षित असते.

अमेरिकेत घेतलेली मोटार परतताना भारतात आणणे सहसा शक्य नसते. भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी व तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे लागते, तर अमेरिकेतील मोटारींचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते. त्यामुळे मायदेशी परतणाऱ्याला निघण्यापूर्वी मोटार विकावी लागते. प्रस्थानाची तारीख जवळ आल्याने त्याची सौद्यातील बाजू कमकुवत होते. देखभालीच्या पावत्या जपून ठेवलेल्या असल्यास मोटारीच्या स्थितीचा पुरावा त्याला देता येतो आणि नव्या ग्राहकालाही तिचा पूर्वेतिहास कळतो.